परत आल्यावर ऐकणारं कोण?

सायलीच्या माणसाला परदेशी जायला १९५४ पर्यंत विमान लागत नव्हतं. वापीच्या बाजाराची वाट धरली की परदेश सुरू. सायली नगर हवेलीत, नगर हवेली पोर्तुगालच्या ताब्यात, आणि वापी आधी इंग्रजांची, मग स्वतंत्र भारताची. दमणहून सिल्वाशाला यायचं तर पोर्तुगीज अंमलदारालाही मधला भारताचा पट्टा ओलांडावा लागे. सरहद्दीच्या दोन्ही अंगांना वारली, कोकणा, धोडिया अशीच वस्ती, तीच बोली, तेच देव, तोच पाऊस. झेंडा मात्र वेगळा आणि कायदाही वेगळा. तेव्हा ‘परदेश म्हणजे दूरचं’ ही समजूत या मातीत मुळात नवी आहे. इथे परदेश ही आधी अंतराची गोष्ट नव्हती, कोण कोणाला काय विचारू शकतो याची होती. सायलीच्या आजच्या विद्यार्थ्याच्या परदेशवारीकडे याच नजरेने पाहावं, असं माझं म्हणणं आहे.

आज तो परदेश लांब गेला आहे आणि एका अर्थाने जवळही आला आहे. सायलीत नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था उभी आहे. जानेवारी २०१९ मध्ये तिची पायाभरणी झाली आणि २५ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन. या प्रदेशाचं हे पहिलंच वैद्यकीय महाविद्यालय. सायली रस्त्यावर एसएसआर ट्रस्टची कला-वाणिज्य-विज्ञान आणि फार्मसीची कॉलेजं आहेत. १९६५ मध्ये पिपरियाला पहिली औद्योगिक वसाहत झाली आणि त्यानंतर कारखान्यांच्या मागोमाग देशभरची कुटुंबं इथे आली. २०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३ लाख ४३ हजार ७०९ होती आणि त्यात निम्म्याहून अधिक आदिवासी. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांची परदेशी पदवी परवडत नाही. त्याच्या आवाक्यात येतो तो सात, दहा, फार तर पंधरा दिवसांचा अभ्यासदौरा. कॉलेजच्या भाषेत स्टडी टूर. म्हणून या आखूड दौऱ्याला हसून सोडून देता येत नाही. पुष्कळांच्या वाट्याला येणारा परदेश एवढाच असतो.

अशा दौऱ्याहून परतलेल्या विद्यार्थ्याचं मनोगत कुठल्याही कॉलेजच्या वार्षिक अंकात काढून वाचावं. विमानतळावरची हुरहूर, रस्त्यांची स्वच्छता, मिनिटाला मिनिट येणारी गाडी, रांगेत उभी राहणारी माणसं, जेवणाचे हाल, आणि शेवटी ‘आपल्याकडेही हे होऊ शकतं’ असा निश्चय. लिहिणारा खोटं लिहीत नाही. नवख्या डोळ्याला पहिल्या आठवड्यात एवढंच दिसतं, आणि ते खरंच तसं असतं. तक्रार त्याच्याबद्दल नाही. तक्रार अशी की हे मनोगत सिंगापूरचं आहे, दुबईचं की जर्मनीतल्या एखाद्या गावाचं, हे नावं झाकली तर ओळखता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे लिहिणारा सायलीचा आहे की सांगलीचा, तेही ओळखता येत नाही. याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणं सोपं आहे. तो मुख्यतः पाठवणाऱ्यांचा आहे, असं मी म्हणतो. जाण्याआधी त्याला कोणी प्रश्न दिला नाही आणि आल्यावर कोणी विचारलं नाही. रिपोर्ट सबमिट झाला, सर्टिफिकेट फाइलला लागलं, फोटो फळ्यावर गेले. आखूड दौऱ्याचं मोल दिवसांच्या संख्येवर ठरत नाही. परत आल्यावर ‘मग? तिथे ते कसं करतात?’ असं खोदून विचारणारं आणि ऐकलेल्याचं काही करू शकणारं माणूस घरी बसलेलं आहे की नाही, यावर ते ठरतं.

पहिला पुरावा सायलीच्याच आसमंतातला. १९५४ च्या पोर्तुगीजविरोधी मुक्तिसंग्रामाआधी पुण्याकडची काही तरुण मंडळी या भागात येऊन पाहणी करून गेली. राजा वाकणकर होते, विश्वनाथ नरवणे होते. नरवणे भाषांचे माणूस, पुढे त्यांनीच ‘भारतीय व्यवहार कोश’ रचला. कायद्याच्या काटेकोर अर्थाने हा परदेशचा आखूड अभ्यासदौराच होता, सरहद्द ओलांडून केलेला. कोणती चौकी कुठे, लोकांचा कल कसा, वाट कुठून फुटते, हे प्रश्न ठरलेले आणि उत्तरांवर पुढचं सगळं अवलंबून. त्यानंतर २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. रस्ते किती रुंद होते आणि चर्चची कमान किती देखणी होती हे त्यांनीही पाहिलंच असणार. पण त्यांना ते कोणी विचारणार नव्हतं.

ही तुलना ओढूनताणून आणलेली वाटेल. विद्यार्थी म्हणजे काही टेहळणीला निघालेला स्वयंसेवक नव्हे. ठीक. मग शांततेच्या काळातलं, शिक्षणखात्यातलंच उदाहरण घेऊ, आणि तेही गुजरातेतल्या एका मराठी दरबाराचं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड १९०६ मध्ये अमेरिकेला गेले. अमेरिकेतलं पाहण्यासारखं पुष्कळ त्यांनी पाहिलं, पण मनात रुतून बसली ती तिथली सार्वजनिक वाचनालयं: कोणीही आत यावं, कपाटातलं पुस्तक स्वतः काढावं, नाव लिहून घरी न्यावं. १९१० मध्ये ते पुन्हा गेले आणि न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला घेऊन आले. बॉर्डन जेमतेम तीन वर्षं राहिले, १९१३ मध्ये परत गेले. एवढ्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालय, स्वतंत्र ग्रंथालय खातं आणि ग्रंथपालांना शिकवणारा वर्ग, असा सगळा संसार त्यांनी मांडला. ते गेल्यावर घडी मोडली नाही, कारण जनार्दन सखाराम कुडाळकरांसारखी इथली माणसं तोवर तयार झाली होती.

बडोद्याच्या या गोष्टीत मला सर्वांत बोलका वाटतो तो पैशाचा हिशेब. अमेरिकेत त्या काळी अँड्र्यू कार्नेगी गावाला ग्रंथालयाची इमारत बांधून देई. मुख्य अट अशी: इमारतीच्या खर्चाच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम गावाने दरसाल चालवण्यासाठी द्यायची. बडोद्यात कार्नेगी नव्हता. मग इथे वाटणी वेगळी झाली. गावाने जितके पैसे उभे करायचे तितकेच प्रांत पंचायतीने आणि तितकेच सरकारने घालायचे. जिथे एवढंही जमणार नाही तिथे लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून फिरती वाचनालयं पाठवायची. म्हणजे अमेरिकेतून उचललं ते तत्त्व. पैसा उभा करण्याची रीत गावची. आता कपाट उघडं ठेवायचं ही कल्पना एका दुपारच्या भेटीतही कळते. पण आपल्याकडे त्या कपाटाचा खर्च कोण उचलणार, हा प्रश्न घरूनच न्यावा लागतो, आणि उत्तरही घरी येऊनच सापडतं. नुसतं कपाट पाहून आलेला माणूस कपाटाचंच वर्णन करणार.

इथे आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. महाराजांची गोष्ट वेगळी. त्यांनी पाहिलं आणि हुकूम सोडला. सायलीच्या वीस वर्षांच्या मुलाने परत येऊन कोणाला हुकूम सोडायचा? याच बडोद्याच्या दप्तरात या आक्षेपाचं कडू उत्तर आहे. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना बडोदा संस्थानने कोलंबिया विद्यापीठात जायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंडांची. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करण्याचा करार. कागदावर याहून चोख उत्तरदायित्व असू शकत नाही. १९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्यात हजर झाले, तर राहायला कोणी खोली देईना. पारशी खानावळीत नाव बदलून राहावं लागलं, आणि काही दिवसांत तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हुसकावलं. जगातल्या नामांकित विद्यापीठातून शिकून आलेल्या माणसाला ऐकायला, किंबहुना टेकायला, त्या शहरात जागा नव्हती. करार विद्यार्थ्यावर बंधनकारक होता, शहरावर नव्हता. म्हणून परत आल्यावर ‘हिशेब’ हवा असं मी म्हणतो तेव्हा विद्यार्थ्याच्या बाँडबद्दल बोलत नाही. बाँडने माणूस परत येतो, त्याचं म्हणणं आपोआप आत घेतलं जात नाही. पाठवणाऱ्याने स्वतःवर काय बांधून घेतलं आहे, हा खरा सवाल.

हाताशी गादी नसलेल्यांनी मग काय करायचं? पंडिता रमाबाईंनी केलं ते. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून त्या फिलाडेल्फियाला गेल्या. थोडक्या दिवसांचा बेत जवळजवळ तीन वर्षं लांबला. तिथे त्यांनी फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीचं शिक्षण पाहिलं, घेतलं, आणि परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवरचं त्यांचं मराठी पुस्तक निघालं. इंग्रजीत लिहून त्यांनी अमेरिकन वाचकाकडून पैसा उभा केला होता. मराठीत लिहून इथला श्रोता उभा केला. तिथली सरकारपद्धत, शाळा, बायकांच्या संस्था, घरसंसार, यांतलं काय घेण्याजोगं आणि काय नाही, याची ती सविस्तर झडती आहे. गुलामगिरीच्या आणि तिथल्या मूळ रहिवाशांवरच्या जुलमाच्या गोष्टीही त्यांनी वगळल्या नाहीत. विद्यार्थ्याच्या मनोगताची पातळी काय असू शकते हे पाहायचं असेल तर सव्वाशे वर्षांहून जुनं हे पुस्तक आजही चालेल. आज सायलीचा मुलगा दौऱ्याचा रिपोर्ट लिहितो तो इंग्रजीत, मार्क देणाऱ्यासाठी. त्याच्या आईला, पाड्यावरच्या आशाताईला, पंचायतीच्या सरपंचाला तो वाचता येणार नाही याची व्यवस्था आपण आधीच केलेली असते.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. आता जाण्याची गरजच काय? सगळं मोबाइलवर दिसतं. हा आक्षेप वाटतो तितका नवा नाही. धोंडो केशव कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली, तीवरून त्यांनी १९१५ च्या सामाजिक परिषदेत कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. जपान न पाहता. युरोप-अमेरिकेची वारी त्यांनी केली ती पुढे, सत्तरी ओलांडल्यावर. माँटेसोरीचा विचार ताराबाई मोडकांपर्यंत आला तो भावनगरला गिजुभाई बधेकांच्या शाळेतून. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी तो वारली मुलांसाठी असा काही मोडून घडवला की इटलीची महागडी साधनं जाऊन खडे, बिया, पानं, शिंपले आले. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, अंगणात गेली. सायलीहून कोसबाड अर्ध्या दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, आणि अभ्यासदौऱ्यांच्या यादीत ते आधी असायला हवं होतं, हे इथे म्हणून टाकतो. तेव्हा कबूल करू या: विचार आयात करायला पासपोर्ट लागत नाही.

पण कर्व्यांच्याच गोष्टीचा पुढचा भाग आपण सांगायला विसरतो. पुस्तिकेवरून विद्यापीठ निघालं, पैशाची मात्र कायम ओढाताण. सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासात जपानला गेले, तिथलं ते महिला विद्यापीठ प्रत्यक्ष हिंडून पाहिलं, आणि १९२० मध्ये कर्व्यांना १५ लाखांची देणगी जाहीर झाली. माहिती दोघांनाही असू शकत होती. ठाकरसींना मिळाला तो भरवसा, आणि तो मिळाला पाहून. कागदावरचं वर्गातल्या मुलींच्या गर्दीत पाहिलं की ‘हे चालतं’ एवढी एक गोष्ट मनाला पटते. त्याशिवाय आणखी एक गोष्ट आहे जी पडद्यावर पुरती येत नाही, ती म्हणजे हाताचं काम. याचं उदाहरण मुद्दाम सायलीच्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या विषयातलं घेतो.

सिकलसेल हा आजार या पट्ट्यातल्या आदिवासी घरांना नवा नाही. आईबापांकडून रक्तातून उतरणारा हा आजार. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, अंग ठणकतं, पोर फिकट पडतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. तपासण्या होतात, कार्डं वाटली जातात. पण कार्ड मिळालेल्या बाळाच्या आईने घरी गेल्यावर रोज करायचं काय? या प्रश्नाचं जगातलं एक उत्तम उत्तर जमैकात सापडलं. किंग्स्टनच्या व्हिक्टोरिया ज्युबिली रुग्णालयात १९७३ ते १९८१ या काळात ओळीने जन्मलेल्या एक लाख बाळांचं रक्त तपासलं गेलं आणि आजार असलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. डॉ. ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. त्यातून कळलं की पहिल्या काही वर्षांत मुलं दगावण्याचं एक मोठं कारण म्हणजे पाणथरी, म्हणजेच प्लीहा, एकाएकी फुगणं. प्लीहेत रक्त साचतं, काही तासांत अंगातलं रक्त उतरतं, आणि आई ‘पोर आज मलूल आहे’ म्हणत असतानाच ते हातचं जातं. उपाय वेळेवर रक्त देणं. पण वेळ कळायची कशी?

तिथल्या दवाखान्यात आयांना पाणथरी चाचपायला शिकवलं गेलं. बाळ उताणं निजवायचं, डाव्या बरगडीच्या कडेखाली बोटं हलकेच टेकवायची, काही टणक लागतं का पाहायचं. रोज. कालच्यापेक्षा आज खाली आलं असेल तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. यंत्र नाही, औषध नाही, मीटर नाही. याचा परिणाम आकड्यांत असा उतरला की नोंदलेले प्रसंग वाढले, कारण ते आता ओळखू येऊ लागले, आणि शंभर प्रसंगांमागे होणारे मृत्यू सुमारे २९ वरून ३ वर आले. हे वाचून समजतं. पण बिचकणाऱ्या पहिलटकरणीचा हात हातात धरून तिच्या बोटांना तो फरक कसा दाखवतात, ती घाबरली की नर्स काय म्हणते, आजी मधे बोलू लागली की तिला कसं सामावून घेतात, हे समजायला त्या खोलीत आठ दिवस बसावं लागतं. पण दोन वर्षं बसावं लागत नाही. नेमका प्रश्न असला की आखूड दौरा पुरतो तो असा.

जाणकार इथेही अडवतील, आणि त्यांनी अडवावं. आपल्याकडचा सिकलसेल जमैकाचा नाही. भारतातल्या पुष्कळ रुग्णांत गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण जास्त राहतं, आजाराचा तोंडवळा काहीसा सौम्य दिसतो, आणि पाणथरी जमैकातल्या मुलांपेक्षा पुष्कळ अधिक वयापर्यंत मोठी राहू शकते. सर्जंट यांनीच ओडिशातल्या डॉक्टरांबरोबर काम करून ही तुलना मांडली होती. शिवाय आपल्याकडे हिवतापानेही पाणथरी वाढते. मग ‘टणक लागलं की दवाखाना’ हा जमैकाचा नियम नगर हवेलीतल्या खानवेलच्या पाड्यावर जसाच्या तसा चालेल का? मुळात मोठ्या असलेल्या पाणथरीत ‘आज वाढली’ हे आईने ओळखायचं कशावरून? हा आक्षेप दौऱ्याविरुद्ध वापरता येत नाही. दौऱ्याला निघणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा प्रश्नच हा आहे. आणि तो लिहिता यायला आधी खानवेल, दुधनी, मांदोनीकडच्या घरांत जाऊन चार महिने बाळांची पोटं चाचपलेली असावी लागतात. विमानाचं तिकीट त्यानंतर.

आता सर्वांत हळवा आक्षेप, आणि माझ्या मते सर्वांत भारी. प्रश्न, हिशेब, श्रोता हे सगळं शहरी शहाणपण झालं; ज्या घरातून कोणी कधी आगगाडीत बसलं नाही त्या घरची पोर परदेश नुसता पाहून आली तरी केवढं! तिच्यावर आणखी कामाचं ओझं कशाला? पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आपल्या शाळांतल्या मुलांसाठी आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने निवड परीक्षा घेतल्या, पंचवीस मुलांना अमेरिकेत नासाला आणि पन्नास जणांना इस्रोला नेण्याचं ठरवलं. सहावी-सातवीच्या वयाची ही मुलं. त्यांच्याकडून संशोधनाचा आराखडा मागणं हास्यास्पद होईल, मान्य. बाराव्या वर्षी डोळे विस्फारणं हाच अभ्यास. पण त्या योजनेतलंही लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे परीक्षेला बसलेली हजारो मुलं, जी कुठेच गेली नाहीत. तयारीमुळे त्यांच्या वर्गात ग्रहतारे आले. दौरा पंचवीस जणांचा, पण तयारी हजारोंची. कॉलेजच्या वयाला मात्र ‘नुसतं पाहिलं’ एवढी सवलत देणं मला दयेचा प्रकार वाटतो. आदिवासी मुलीला प्रश्न झेपणार नाही असं गृहीत धरूनच ती दिली जाते. उलट, सिकलसेलवाल्या घरची मुलगी जो प्रश्न घेऊन जाईल तो मुंबईच्या मुलाला सुचणारही नाही.

पैशाच्या उधळपट्टीबद्दल फार लिहीत नाही. अधिकाऱ्यांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या ‘अभ्यास’ दौऱ्यांनी हा शब्दच इतका बदनाम केला आहे की वाचकाला वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राच्या कृषी खात्याची शेतकऱ्यांसाठी परदेश दौऱ्यांची योजना बरीच वर्षं आहे, त्यात खर्चाचा मोठा वाटा शेतकरी स्वतः घालतो. स्वतःचे पैसे घातलेला द्राक्षबागायतदार काय विचारतो आणि फुकट गेलेला काय विचारतो, हे त्यांच्याबरोबर जाणाऱ्यांना ठाऊक असतं. मात्र यावरून विद्यार्थ्याकडून पैसे घ्यावेत असा निष्कर्ष काढला तर सायलीत दौरे फक्त कारखानदारांच्या मुलांचे होतील. पैशाच्या जागी दुसरं काहीतरी आधी घालायला लावावं लागेल: वेळ, मेहनत, आधीचं काम. युरोपनेही अनुभवाने हेच केलं आहे. १९८७ पासून चाललेल्या इरॅस्मस योजनेत आता पाच ते तीस दिवसांच्या आखूड दौऱ्यांनाही जागा आहे, पण अट अशी की प्रत्यक्ष भेटीला ऑनलाइन एकत्र कामाची जोड हवीच. सात दिवसांची सहल सात दिवसांतच संपली तर ते शिक्षण मानत नाहीत.

सायलीत हे करायचं तर फार मोठा कारभार लागत नाही. दौरा जाहीर होण्याआधी तीन-चार महिने प्रश्न जाहीर व्हावा, आणि तो कॉलेजबाहेरच्या कोणीतरी विचारलेला असावा: सिल्वाशाच्या सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डाने, पंचायतीने, कारखान्याच्या सुरक्षा विभागाने, दमणगंगेच्या पाण्याची चिंता असलेल्या शेतकऱ्याने. ज्याने विचारला त्यालाच परतल्यावर ऐकायला बसवावं, वारली, गुजराती, मराठी, हिंदी, जी चालेल त्या भाषेत. प्रिन्सिपॉलसाहेब अध्यक्षस्थानी नसले तरी चालेल. ‘आम्हाला हे इथे करायला काय लागेल?’ हा प्रश्न त्या बैठकीत निघाला नाही तर दौरा फसला असं उघड लिहावं. फसलेल्या दौऱ्यांचे प्रामाणिक अहवाल वार्षिक अंकात छापायला सुरुवात झाली तर ते पुढच्या तुकडीच्या कामाला येतील.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाटेल की असा प्रश्न फक्त डॉक्टर-इंजिनिअरांच्या नशिबी. तसं नाही. सायली ज्या भूभागात आहे त्याचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालला, पोर्तुगाल विरुद्ध भारत, आणि १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. दमण ते नगर हवेली जाण्याचा पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामानापुरता मानला, ११ विरुद्ध ४ मतांनी. फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांसाठी नाकारला, तो ८ विरुद्ध ७ अशा एका मताने. भारताने कर्तव्य मोडलं नाही, हे ९ विरुद्ध ६. या सगळ्याच्या मुळाशी पेशव्यांशी झालेला १७७९ चा करार होता. त्याचा मराठी मजकूर ४ मेचा, पोर्तुगीज १७ डिसेंबरचा. बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं पेशव्यांनी दिली ती कोणत्या शब्दांत दिली, राज्य म्हणून की नुसता वसूल म्हणून, यावर कीस पडला. मराठी कागदात जिथे सार्वभौमत्व द्यायचं तिथे त्याची वेगळी भाषा आहे, या गावांना मात्र जहागीर, सरंजाम असे शब्द आहेत, असं न्यायाधीशांनी पाहिलं. गावांवरची पोर्तुगीज सत्ता इंग्रजांनी नंतर मुकाट्याने मान्य केली, असंही त्यांनीच म्हटलं.

हेगचा तो शांतिप्रासाद पाहायला एक तास पुरतो. सायलीहून तिथे जाणाऱ्या विद्यार्थिनीला त्या तासात काय दिसेल, हे ती आधी पणजीच्या पुराभिलेखागारात बसून मोडी लावायला शिकली आहे की नाही, यावर अवलंबून आहे. शिकली असेल तर ‘सरंजाम’ हा शब्द हातच्या अक्षरात कसा दिसतो हे तिला ठाऊक असेल. आणि परतल्यावर, आपलं गाव कोणी कोणाला नेमकं काय म्हणून दिलं होतं, हे सायलीत चार माणसं तिला विचारतील.